दीर्घ आजाराचे बालरुग्ण आणि खेळाचा पट

(कर्जत व खालापूर तालुक्यांतील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि आरोग्य कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय वाचून आपणांपैकी काहींच्या मनात सहजच प्रश्न आला असेल की, आजार ही गंभीर बाब आणि खेळ ही करमणुकीची. या दोहोंची सांगड कशी घालावयाची? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी आजारांच्या दोन प्रकारांतील फरक ध्यानी घेतला पाहिजे.

मुलाला हिवताप आला किंवा हगवण लागली, तर आपण त्याला दवाखान्यात नेतो. डॉक्टर औषध देतात, मूल बरे होते आणि शाळेत परत येते. येथे निर्णय मोठ्या माणसांनी घ्यावयाचे असतात. परंतु काही आजार मुलाच्या सोबतीने वाढतात. सिकलसेल, लहान वयातील मधुमेह, दमा, अपस्मार म्हणजेच फिट येणे, हे असे आजार होत. येथे डॉक्टरांची भेट महिन्यातून एकदा, कित्येकदा त्याहूनही उशिरा होते. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटांची भेट धरली, तर वर्षाकाठी तीन तास होतात. वर्षाचे एकूण तास ८,७६० आहेत. उरलेल्या सर्व तासांत त्या आजाराचा कारभार कोण पाहतो? बराचसा ते मूलच पाहते. तहान लागली असता वर्गात हात वर करावयाचा की नाही, अंग थरथरू लागले तर बाईंना सांगावयाचे की गप्प बसावयाचे, गोळी घ्यावयाची की उद्यावर टाकावयाची, हे निर्णय आठदहा वर्षांचे मूल रोज घेत असते. त्या निर्णयांचे शिक्षण मात्र त्याला कोठेही मिळत नाही. ते शिक्षण देण्याचे एक साधन म्हणून खेळाकडे पाहावे, एवढेच माझे आजचे सांगणे आहे.

आपला मुलूख आणि त्याच्या अडचणी

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याचे समुद्रापासून दूरचे, सह्याद्रीच्या कुशीतले तालुके. उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांची ही खोरी. मुंबईची उपनगरी गाडी कर्जतला येते, पुढे खोपोलीपर्यंत जाते. नकाशावर पाहिले तर मुंबईची मोठमोठी रुग्णालये येथून जवळच आहेत. पण ज्या वाडीतून डांबरी सडकेपर्यंत उतरावयासच तासभर लागतो, जेथे पावसाळ्यात ओढा भरला की वाट बंद होते, तेथील माउलीला हे अंतर किती मोठे वाटते, ते येथील आशाताईंना ठाऊक आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतकार्य करणाऱ्या पथकांनाही डोंगर पायीच चढावा लागला होता, हे आपण विसरलेलो नाही.

या दोन्ही तालुक्यांत ठाकर आणि कातकरी समाजाची वस्ती मोठी आहे. कातकरी समाजाची गणना केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत केली आहे. या समाजातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर अथवा अन्य मजुरीवर बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुले एकतर सोबत जातात किंवा पाथरज, भालिवडी, डोलवली यांसारख्या ठिकाणच्या आश्रमशाळांत राहतात. सोबत गेले, तर मूल शाळेपासून आणि दवाखान्यापासूनही तुटते. आश्रमशाळेत राहिले, तर ते आईबापांपासून दूर राहते, आणि त्याच्या दुखण्याची पहिली दखल घेण्याचे काम शिक्षकांवर व अधीक्षकांवर येते. दोन्ही परिस्थितींत त्या मुलाला स्वतःच्या आजाराची जाण असणे अगत्याचे ठरते.

सिकलसेल : एका घोटाचे महत्त्व

उदाहरणादाखल सिकलसेल हा आजार घेऊ. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल व लवचिक असतात आणि बारीक रक्तवाहिन्यांतून सहज सरकतात. सिकलसेलच्या रुग्णात त्या विळ्यासारख्या वाकड्या व कडक होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. ही वाकडी पेशी दहा ते वीस दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे मूल फिकट दिसते व लवकर दमते. या पेशी बारीक वाहिन्यांत अडकल्या म्हणजे हाडांत, सांध्यांत, पोटात किंवा छातीत असह्य कळा येतात. अंगातील पाणी कमी होणे, थंडी बाजणे, अतिश्रम आणि ताप ही अशा कळा सुरू होण्याची नेहमीची कारणे होत.

आपल्या राज्यात विदर्भ आणि नंदुरबार या भागांत या आजाराचे प्रमाण अधिक आहे. परंतु ज्या आदिवासी भागांत ते कमी आहे, तेथेही तपासणीत हयगय करता कामा नये. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. वयाच्या चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपविणे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणीचे काम यंत्रणा करील. पण तपासणीत ज्या मुलाचे निदान झाले, त्याने दुसऱ्या दिवसापासून कसे वागावयाचे, हे कागदावरील अहवाल शिकवीत नाही.

येथे एक बारीकशी गोष्ट सांगतो. सिकलसेलच्या मुलाची मूत्रपिंडे लघवी पुरेशी घट्ट करू शकत नाहीत. त्यामुळे त्याला वारंवार लघवीला जावे लागते आणि पाणीही वारंवार प्यावे लागते. रात्री अंथरूण ओले होणे, हेही अशा मुलांत पुष्कळदा आढळते. आता वसतिगृहाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. मुलाचे अंथरूण ओले होते, सोबतची मुले हसतात, मोठी माणसे रागावतात. मूल त्यातून आपल्या बुद्धीने एक उपाय काढते : संध्याकाळनंतर पाणी प्यावयाचेच नाही. अंथरूण कोरडे राहते आणि थंडीच्या पहाटे कळा सुरू होतात. मुलाने घेतलेला निर्णय त्याच्या दृष्टीने शहाणपणाचाच होता. फक्त त्याला अर्धेच माहीत होते, आणि त्याच्याभोवतीच्या मंडळींना तर तेवढेही माहीत नव्हते.

उपदेश आणि खेळ

यावर कोणी म्हणेल, मुलाला समजावून सांगावे. अवश्य सांगावे. तथापि शिक्षकांना अनुभवाने माहीत आहे की, ‘पाणी पीत जा’ हे वाक्य मुलाच्या कानावरून जाते. ते हातात उतरावयास सराव लागतो. पोहणे फळ्यावर शिकविता येत नाही. पण आजाराच्या बाबतीत सराव करावयाचा म्हणजे चुका करावयाच्या, आणि येथे चुकीची किंमत देहाला मोजावी लागते. खेळाचे मोल नेमके येथे आहे. पटावरील सोंगटी मुलाच्या वतीने चुकते, कळ तिला लागते, आणि मूल पुढच्या डावात वेगळे वागून पाहते.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. ज्ञानेश्वर महाराजांच्या नावाशी परंपरेने जोडला गेलेला मोक्षपट आपल्याला ऐकून माहीत आहे. त्यात शिड्या म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण होते. खेळता खेळता आचरणाची शिकवण द्यावी, हा त्याचा हेतू. हाच भारतीय पट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पोहोचला आणि पुढे निव्वळ करमणुकीची सापशिडी म्हणून जगभर पसरला.

शिक्षणाच्या क्षेत्रात तर आपल्या शेजारचेच उदाहरण आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले, त्यात दगड, पाने, बिया, शंख-शिंपले हीच शैक्षणिक साधने होती. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे न्यावी, या विचारातून त्यांची अंगणवाडी आणि कुरणशाळा जन्मास आल्या. महागड्या साहित्यावाचून उत्तम बालशिक्षण होऊ शकते, हे त्या दोघींनी दाखवून दिले.

आरोग्याच्या बाबतीत मुंबईतील मालवणी वसाहतीचा दाखला देता येईल. तेथे डॉ. विजया भालेराव यांनी शाळकरी मुलांनाच घरोघरी आरोग्याचे ज्ञान पोहोचविणारे कार्यकर्ते केले. त्या कामाविषयीचा त्यांचा लेख १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालक वर्ष होते, आणि त्याच सुमारास लंडनच्या डॉ. डेव्हिड मॉर्ले यांच्या पुढाकाराने ‘मुलाकडून मुलाकडे’ हा आरोग्यशिक्षणाचा कार्यक्रम अनेक देशांत सुरू झाला. मोठ्यांनी सांगितलेले मूल विसरते, पण सवंगड्याने सांगितलेले लक्षात ठेवते, हे त्यामागील साधे सूत्र होते.

परदेशांत या दिशेने काही मोजमापही झाले आहे. १९९५ साली अमेरिकेत मधुमेही मुलांसाठी एक संगणकीय खेळ निघाला. त्यात दोन हत्ती शिबिराला जातात; त्यांचे खाणे, इन्शुलिन आणि रक्तातील साखर सांभाळण्याची जबाबदारी खेळणाऱ्यावर असते. आठ ते सोळा वर्षांच्या ५९ मुलांवर सहा महिने या खेळाची चाचणी घेण्यात आली. ज्या मुलांकडे हा खेळ होता, त्यांच्या मधुमेहामुळे कराव्या लागणाऱ्या तातडीच्या दवाखाना-भेटी ७७ टक्क्यांनी घटल्याचे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नमूद आहे. मुले घरी आईवडिलांशी आजाराबद्दल अधिक बोलू लागली, हेही त्यात आढळले. पुढे कर्करोगाच्या तरुण रुग्णांसाठी केलेल्या एका खेळाची ३४ रुग्णालयांतील ३७५ रुग्णांवर चाचणी झाली आणि २००८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खेळ खेळणाऱ्यांनी औषधे अधिक नियमितपणे घेतली आणि आपण आजाराला तोंड देऊ शकतो, हा त्यांचा विश्वास वाढला. मात्र त्यांच्या मनावरील ताण काही कमी झाला नाही. खेळाकडून काय अपेक्षावे आणि काय अपेक्षू नये, हे या दोन चाचण्यांवरून कळते.

फाशाचा खेळ आणि निर्णयाचा खेळ

आपल्या शाळांतून आरोग्याचे खेळ तयार होतात, तेव्हा बहुधा सापशिडीचाच साचा घेतला जातो. ‘हात धुतले, शिडी चढा, उघड्यावरचे खाल्ले, साप गिळील.’ हा प्रयत्न स्तुत्य असला तरी दीर्घ आजारासाठी त्यात एक उणीव आहे. सापशिडीत सोंगटी कोठे पडावी, हे फासा ठरवितो. खेळणाऱ्याला करण्यासारखे काहीच नसते. आजारी मुलाच्या घरी तर आधीच ‘नशिबाचे भोग’ हे शब्द त्याच्या कानी पडत असतात. खेळानेही तोच धडा दिला, तर तो खेळ मुलाचे नुकसानच करील. वाघ-बकरी किंवा नवकंकरी यांत मात्र खेळणारा विचार करून चाल करतो. आजाराच्या पटात फासा असावा, कारण आजार सांगून येत नाही. परंतु फासा पडल्यावर काय करावयाचे, हा निर्णय मुलाच्या हाती असावा.

या तत्त्वावर एक सोपा पट कसा करता येईल, ते सांगतो. शाळेच्या ओसरीवर खडूने किंवा गेरूने चोवीस घरांची वाट आखावी. एक घर म्हणजे एक तास. चिंचोके फोडून, एक बाजू काळी व एक बाजू पांढरी अशा चार फाका घ्याव्यात; हाच फासा. चार-पाच मुलांचा एक गट करून गटाला एकच सोंगटी द्यावी. आरंभी गटाजवळ दहा चिंचोके असावेत; ही त्या मुलाची ‘ताकद’. काही घरांवर प्रसंग लिहावेत अथवा चित्रे काढावीत : पहाटेची थंडी, कबड्डीचा सामना, वर्ग चालू असताना लागलेली तहान, ओढ्यातील आंघोळ, गोळीची वेळ, वीटभट्टीवर जाण्याचा दिवस.

घरात सोंगटी आली की गटाने आपसांत बोलून निर्णय घ्यावा. तहान लागली असता पाणी मागितले, तर चिंचोका राखला. ‘सर रागावतील’ म्हणून गप्प बसले, तर दोन गेले. कबड्डीत खेळावयाचे, पण मध्ये थांबून पाणी प्यावयाचे, हाही निर्णय चालेल. आजारी मुलाने खेळूच नये, असा धडा खेळाने देऊ नये. भट्टीवर जाण्याच्या घरात गोळ्या व तपासणीचे कार्ड सोबत घेतले की नाही, ते विचारावे. तापाचे घर मात्र निराळे ठेवावे. तेथे चिंचोके मोजून सुटका नाही. जो गट क्षणाचाही विलंब न लावता ‘मोठ्या माणसाला सांगतो आणि दवाखान्यात जातो’ असे म्हणेल, तोच पुढे जाईल. कारण सिकलसेलच्या मुलाला ताप येणे, छातीत दुखणे, श्वास लागणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे किंवा एकाएकी फार फिकटपणा येणे, या खुणा तातडीच्या आहेत.

या खेळात कोणीही बाद होऊ नये. सोंगटी चोवीस घरे सुखरूप पार करते, तेव्हा सारा गट जिंकतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आठवड्यातून एक डाव शिक्षकांनीही मुलांसोबत खेळावा. त्यात मुलाने शिक्षकाची आणि शिक्षकाने मुलाची भूमिका घ्यावी. हात वर करून पाणी मागावयास किती धैर्य लागते, ते तेव्हा आपल्याला कळेल.

दुखणे किती आहे, हे सांगण्यासाठीही चिंचोक्यांचाच उपयोग करता येतो. सिकलसेलच्या कळेला जखम दिसत नाही, सूज असतेच असे नाही. म्हणून मूल सबब सांगते, असा समज होतो. १९७९ साली अमेरिकेतील परिचर्या-संशोधक नॅन्सी हेस्टर यांनी मुलांपुढे चार लाल चकत्या ठेवून ‘दुखण्याचे किती तुकडे आहेत?’ असे विचारण्याची पद्धत पुढे आणली. आपण चार चिंचोके ठेवावेत. कातकरी किंवा ठाकरी बोली बोलणारे मूल प्रमाण मराठीत वेदनेचे वर्णन करू शकणार नाही, पण चिंचोके खचित उचलील. त्याने तीन-चार उचलले, तर विश्वास ठेवावा आणि आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा.

दोन वाट्यांचा खेळ

मोठ्या वर्गांतील मुलामुलींसाठी आणखी एक खेळ सांगतो. दोन वाट्या घ्याव्यात. एक आईची, एक वडिलांची. प्रत्येकीत एक पांढरा वाल आणि एक काळा चिंचोका ठेवावा. डोळे मिटून दोहोंतून एकेक दाणा उचलावा, नोंद करावी आणि दाणे परत ठेवावेत. दोन्ही काळे आले, तर मूल सिकलसेलचे रुग्ण. एक काळा आला, तर वाहक. दोन्ही पांढरे आले, तर आजारही नाही व वाहकपणही नाही. शंभर वेळा खेळून हिशोब मांडला की सुमारे पंचवीस, पन्नास आणि पंचवीस असे प्रमाण मुलांना आपोआप दिसेल. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याच्या बाबतीत ही शक्यता तशीच असते. पहिले मूल आजारी झाले म्हणून दुसरे सुटेल, असे नसते. एका वाटीत दोन्ही दाणे पांढरे ठेवून पुन्हा खेळावे. मग आजारी मूल एकदाही निघणार नाही. विवाहापूर्वी तपासणी का करावयाची, हे यातून समजते. शिवाय, दाणे दोन्ही वाट्यांतून येतात, तेव्हा आजाराचा दोष एकट्या आईच्या माथी मारणे किती चुकीचे आहे, तेही उमगते.

अन्य आजारांसाठी

हाच साचा इतर आजारांना लावता येईल. लहान वयातील मधुमेहात शरीर इन्शुलिन तयार करीत नाही. १९२२ साली टोरांटो येथे चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले गेले, त्यापूर्वी अशी मुले जगत नसत. आज ती शिकू शकतात, खेळू शकतात, संसार करू शकतात. मात्र इन्शुलिन एक दिवसही थांबविता येत नाही. या मुलांच्या पटात तांदळाची भाकरी, भात, वरण, पालेभाजी, करवंदे आणि जत्रेतील मिठाई यांची चित्रे असावीत, म्हणजे ताटाचा हिशोब आपल्या स्वयंपाकघराशी जुळेल. घाम, थरथर आणि भोवळ या खुणांच्या घरात ‘तीन चमचे साखर पाण्यातून घेणे, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा पाहणे’ ही चाल मुलाच्या व वर्गमित्रांच्याही अंगवळणी पडावी. मूल बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता त्वरित दवाखाना गाठावा, हेही त्यात यावे.

दम्याच्या मुलासाठी दोन ढिगांचा खेळ पुरेसा आहे : रोज घ्यावयाचे औषध कोणते, आणि दम लागल्यावर घ्यावयाचे कोणते. बरे वाटले की रोजचे औषध सोडून देणे, ही सार्वत्रिक चूक आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात राब भाजण्याचा धूर असतो, भट्ट्यांचा धूर असतो. ते प्रसंग पटावर यावेत. ‘पंपाची सवय लागते’ हा गैरसमजही याच खेळातून दूर करता येईल. अपस्मारासाठी नाट्यखेळ करावा. एकाने फिट आल्याचा अभिनय करावा, इतरांनी त्याला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ घडी ठेवावी, तोंडात काही घालू नये, वेळ मोजावी. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, तर दवाखान्यात न्यावे. कांदा किंवा चप्पल हुंगविण्यास धावणाऱ्या मंडळींना आवरण्याचे कामही एका मुलाकडे द्यावे. त्या प्रवेशाला हशा पिकेल आणि तो लक्षातही राहील.

काही पथ्ये

खेळ आरंभण्यापूर्वी काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. पहिले, हा खेळ साऱ्या वर्गाचा असावा. आजारी मुलाला बाजूला काढून ‘तुझ्यासाठी हा खेळ’ म्हटले की त्याच्यावर शिक्का बसतो. दुसरे, कोणाला कोणता आजार आहे, हे वर्गात किंवा गावात उघड करू नये. सिकलसेलच्या अहवालावरून मुलींची लग्ने मोडू शकतात, याचे भान ठेवावे. तिसरे, पटावरील वैद्यकीय मजकूर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासून घ्यावा. चौथे, बक्षीस म्हणून गोळ्या-चॉकलेटे वाटू नयेत. वर्गात मधुमेही मूल असू शकते.

आणि पाचवे पथ्य आपणा मोठ्यांसाठी आहे. खेळ हा औषधाचा पर्याय होऊ शकत नाही. फॉलिक ॲसिड, डॉक्टरांच्या सल्ल्याने दिले जाणारे हायड्रॉक्सियुरिया, इन्शुलिन, इनहेलर यांचा पुरवठा खंडित झाला, तर उत्तम पटही निरुपयोगी आहे. मुलाला खेळातून ‘पाणी माग’ असे शिकवावयाचे आणि शाळेतील माठ रिकामा ठेवावयाचा, हा विरोधाभास तर कदापि चालणार नाही. धो धो पावसाच्या या मुलखात एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांना पाण्यासाठी वणवण करावी लागते, हे येथील पंचायत सदस्यांना मी सांगावयास नको.

कोणी काय करावे

म्हणून शेवटी प्रत्येकाकडे एकेक मागणे मागतो. शिक्षकांनी येत्या महिन्यात एक पट आखावा, मुलांकडूनच त्यातील प्रसंग जमवावेत आणि मुलांच्याच बोलीत लिहावेत. पाणी पिण्यास व लघवीस जाण्यास परवानगी मागावी न लागेल, असा नियम वर्गात करावा. आश्रमशाळांच्या अधीक्षकांनी ओल्या अंथरुणाबद्दल शिक्षा करू नये. त्याऐवजी आरोग्य तपासणी करवून घ्यावी. थंडीत गरम पाणी आणि पुरेशी पांघरुणे आहेत ना, हे पाहावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळा-अंगणवाड्यांतून तपासणी करीत आहेत. पथक येईल त्या दिवशी गैरहजर मुलांची यादी ठेवून, ती मुले परतल्यावर आरोग्य केंद्राला कळवावे. पथकातील डॉक्टरांनी मुलांसोबत एक डाव खेळला, तर भीती निम्मी ओसरेल.

ग्रामपंचायत सदस्यांनी आपल्या हद्दीतील प्रत्येक शाळेत व अंगणवाडीत बारमाही पिण्याचे पाणी आणि वापरण्याजोगे स्वच्छतागृह आहे की नाही, याची स्वतः जाऊन पाहणी करावी. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील आजारी मुलांची नोंद आशाताईंच्या साहाय्याने ठेवून, निघण्यापूर्वी त्यांना औषधांचा साठा मिळेल, असे पाहावे. सिकलसेल रुग्णांना एसटीच्या प्रवासात सवलत आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे. ही माहिती वाडीपर्यंत नेण्याची जबाबदारी आपण घ्यावी. या गोष्टींसाठी फार मोठा निधी लागत नाही. गेरू, खडू आणि ओंजळभर चिंचोके तर आपल्या अंगणातच मिळतात.

पट आखून झाला, एक महिना खेळून झाला, म्हणजे मुलांनी त्यात कोणते नवे प्रसंग घातले, ते लिहून आपल्या केंद्रप्रमुखांकडे व वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवावे, अशी विनंती करतो. आपल्या शाळांत मुलांना नेमके कशाचे भय वाटते, ते त्या नोंदींवरून आपल्याला समजेल, आणि पुढील वर्षाचे काम तेथून सुरू करता येईल.